मर्यादा कुणी ओलांडली?

गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. रविवारची सकाळची मिस्सा आटोपून मी देवळाच्या पायऱ्या उतरत होतो, तोच धर्मग्रामातील काही वडीलधारी मंडळी एक अर्ज घेऊन पुढे आली. समुद्र दरवर्षी आत येतो आहे, सुरूची झाडे एकामागून एक कोसळत आहेत, मोठ्या उधाणाचे पाणी शेवटच्या आळीतील विहिरींपर्यंत पोहोचेल अशी धास्ती वाटते. सबब आमच्या किनाऱ्याला दगडी धूपप्रतिबंधक बंधारा तातडीने मंजूर व्हावा, असा त्या अर्जाचा आशय होता. पहिली सही धर्मगुरूंची असावी असा आग्रह झाला आणि मी ती केली.

त्याच संध्याकाळी कोळीवाड्यातील एका वृद्ध, आजारी गृहस्थांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी गेलो होतो. वार्ता माझ्याआधी तेथे पोहोचली होती.

"फादर, तुम्ही सही केलीत म्हणे?"

"केली. का, चुकलं का माझं?"

"ते तुम्ही जाणा. पण दर्या पावसात वाळू नेतो ती उसनी नेतो. दिवाळीनंतर परत आणून टाकतो. बापाच्या वेळेपासून बघतोय मी. ट्रकवाल्यानं नेलेली वाळू मात्र कोणी परत आणली नाही. तुमच्या अर्जात ट्रकाचं काही लिहिलंय का?"

अर्जात ट्रकाविषयी एक अक्षरही नव्हते. हा लेख म्हणजे त्या सहीचे प्रायश्चित्त आहे असे वाचकांनी समजावे. प्रायश्चित्त केवळ माझ्या एकट्याचे पुरणारे नाही, म्हणूनच ते या पृष्ठांवरून जाहीरपणे करीत आहे.

त्या वृद्धाने सांगितलेले अनुभवाचे सत्य सागरविज्ञानही सांगते. पावसाळ्यातील उंच, दाट लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि ती काही अंतरावर पाण्याखाली दांड्यासारखी रचून ठेवतात. त्या दांड्यावर पुढच्या लाटा फुटतात व त्यांचा जोर तेथेच ओसरतो. वारा पडला, समुद्र शांत झाला की हलक्या लाटा तीच वाळू पुन्हा किनाऱ्यावर आणतात. वारा तिला आत लोटतो आणि तिच्या टेकड्या होतात. या टेकड्या म्हणजे किनाऱ्याची राखीव ठेव. तुफानाच्या दिवशी समुद्र त्या ठेवीतून घेतो, मागाहून भरणा करतो. ही ठेवच मोडून खाल्ली, तर तुफानाच्या दिवशी समुद्राने घ्यावे ते कोठून? मग तो आपल्या वाड्यांतून घेतो. दिनांक 17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यासमोरून गेले, तेव्हा वाळूच्या टेकड्यांची खरी किंमत काय असते, याचा विचार आपण करावयास हवा होता. आपण छपरांच्या पत्र्यांचा हिशेब केला आणि थांबलो.

ही ठेव कुणी मोडली? वसई-विरारच्या किनाऱ्याला वाळू देणाऱ्या दोन मोठ्या दात्या आहेत: उत्तरेला अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळणारी वैतरणा आणि दक्षिणेला वसईची खाडी. वैतरणेवर व तिच्या उपनद्यांवर मुंबईची तहान भागविण्यासाठी तानसा, मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा आणि अलीकडे 2014 साली मध्य वैतरणा अशी धरणे झाली. धरण पाणी अडविते तसा गाळ आणि वाळूही अडविते. जी थोडीफार वाळू खाली उतरते, तिच्यावर खाडीत सक्शन पंप बसले. आणि त्यातूनही जी किनाऱ्यापर्यंत पोहोचली, ती रात्रीच्या अंधारात गाड्या भरभरून कोणाच्या घरी गेली? हे विचारण्यासाठी कोणत्याही चौकशी समितीची गरज नाही. आपल्या बंगल्यांच्या पायात, कुंपणाच्या भिंतीत, गच्चीच्या गिलाव्यात ती आहे. देवळाच्या सभागृहाचे काम निघाले तेव्हा रेती कोठून आली, हे मी कंत्राटदाराला विचारले नव्हते. दर परवडतो एवढेच पाहिले. चोरीचा माल स्वस्त असतो, हे सातव्या आज्ञेवर प्रवचन देणाऱ्याला ठाऊक नव्हते असे कसे म्हणू?

उरल्या टेकड्या. त्या आपण सपाट केल्या. वाडवडिलांनी जी जमीन नापीक म्हणून सोडली, तिला शहरातून गिऱ्हाईक येताच भाव आला. कोणी विकली, कोणी भाड्याने दिली. तेथे रिसॉर्ट उभी राहिली, पोहण्याचे तलाव झाले, गाड्यांचे तळ झाले. ज्या हातांनी जमीन विकली, त्यांपैकी काही हातांची सही आज बंधाऱ्याच्या अर्जावर आहे. समुद्राने अतिक्रमण केले, असे आपण म्हणतो. अतिक्रमण कोणी कोणाच्या जागेत केले, याचा सात-बारा समुद्राजवळ नाही, एवढाच काय तो आपला फायदा.

आता बंधाऱ्याविषयी. दगडाची भिंत आपल्यामागची जमीन काही काळ राखते, हे मी नाकारीत नाही. परंतु ती किनारा राखीत नाही. वाळूच्या उतारावर लाट पसरते आणि दमते. उभ्या दगडावर ती आपटते, उलट फिरते आणि भिंतीच्या पायाशी असलेली वाळू उपसून नेते. काही वर्षांत भिंत राहते, पुळण जाते. होड्या ओढायला जागा राहत नाही, मासळी वाळवायला जागा राहत नाही, मुलांना खेळायला जागा राहत नाही. शिवाय भिंत जेथे संपते, तेथे शेजारच्या गावाची धूप वाढते. कारण किनाऱ्यालगत वाहत जाणारी जी वाळू त्या गावाला मिळावयाची, ती भिंतीमागे कोंडलेली असते.

हे पुस्तकी भय नव्हे. पुदुच्चेरीला ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बंदरासाठी समुद्रात बांध घातले गेले. दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकणारी वाळू अडली आणि त्या देखण्या शहराची चौपाटी नाहीशी होऊन तिच्या जागी काळ्या दगडांचा ढीग उरला. जसजसे दगड उत्तरेकडे वाढले, तसतशी धूपही उत्तरेकडच्या मच्छीमार गावांकडे सरकली. केरळात कोचीजवळ चेल्लानम हे आपल्याच श्रद्धेच्या मच्छीमार बांधवांचे गाव आहे. वर्षानुवर्षे त्यांच्या घरांत समुद्र शिरत असे. 2022 नंतर तेथे काँक्रीटच्या टेट्रापॉडांची भिंत उभी राहिली, त्या भागातील कुटुंबे निर्धास्त झोपू लागली; याचा आनंदच आहे. परंतु भिंत जेथे पोहोचली नाही, त्या लगतच्या कन्नमालीतील लोकांना पुढच्या पावसाळ्यांत रस्त्यावर उतरून आक्रोश करावा लागला. शेजाऱ्यावर प्रीती करा, असे शिकविणाऱ्या ख्रिस्तसभेने आपल्या धर्मग्रामाची वाळू शेजारच्या धर्मग्रामाच्या वाट्यातून राखावी काय?

यावर कोणी म्हणेल, 'फादर देवळात सुरक्षित आहेत. ज्याच्या ओट्याला लाट लागते त्याला विचारा.' हा आक्षेप खरा आहे आणि तो मी शिरावर घेतो. ज्या कोळीवाड्यात समुद्र आणि चूल यांत दहा पावलांचेही अंतर उरलेले नाही, तेथे भिंत हवी आणि ती आज हवी. माझा वाद त्या दहा पावलांशी नाही. माझा वाद, त्या गरीब ओट्याला पुढे करून त्यामागे आपल्या रिसॉर्टच्या लॉनला संरक्षण मागणाऱ्यांशी आहे. अर्जात नाव कोळणीचे आणि नकाशात कुंपण बंगल्याचे, असा हा व्यवहार आहे.

दुसरा व्यवहार सुशोभीकरणाचा. महानगरपालिका 2009 साली झाली, तेव्हापासून आपण शहरवासी झालो आणि शहराला चौपाटी हवी असे आपल्याला वाटू लागले. फरसबंदी, बाकडी, रोषणाई, पुतळे, सेल्फीसाठी रंगीत अक्षरे. जणू देवाने निर्माण केलेला किनारा अपुरा होता आणि निविदा काढून तो पूर्ण करावयाचा आहे! वास्तविक केंद्र सरकारच्या फेब्रुवारी 1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेने सौंदर्यासाठी वा करमणुकीसाठी वाळूच्या टेकड्यांत फेरफार करण्यासच मनाई केली होती. 2019 च्या नव्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील बांधकामबंदीचा पट्टा 200 मीटरवरून 50 मीटरवर आणला. कायदा मागे सरकला आणि समुद्र पुढे सरकला. दोहोंच्या मध्ये आपण घरे बांधीत आहोत.

तिसरी मागणी काही तरुणांकडून येते आणि तिच्यामागचा संताप मला कळतो. रविवारी बाहेरून लोंढे येतात, वाळूवर मोटारी फिरवितात, दारूच्या बाटल्या फोडतात, कोळणींच्या वाळत घातलेल्या मासळीवरून चालतात, आणि ओहोटीची ओढ न कळल्याने बुडतात. तेव्हा बाहेरच्यांना किनारा बंदच करावा, असे ते म्हणतात. नाही. मोटारी बंद कराव्यात, दारू बंद करावी, जीवरक्षक नेमावेत, कचऱ्याची व्यवस्था करावी. हे सारे महापालिकेचे कर्तव्य आहे आणि ते तिच्याकडून करवून घेतले पाहिजे. परंतु नालासोपाऱ्याच्या एका खोलीत सहा जण राहणाऱ्या कुटुंबाला आठवड्यातून एकदा मोकळा वारा लागतो तो याच वाळूवर. समुद्रकिनारा ही सार्वजनिक ठेव असून शासन तिचे केवळ विश्वस्त आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये कमलनाथ खटल्यात मान्य केले. ख्रिस्तसभेने ते त्याआधीच मानले आहे: सृष्टीची संपत्ती सर्वांसाठी आहे व खाजगी मालकी तिच्या अधीन आहे, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये सांगितले आणि दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' परिपत्रकात पुन्हा ठासून मांडले. रिसॉर्टवाल्याने वाट अडविली तर आपण गप्प आणि गरिबाने वाट वापरली तर आपण संतप्त, हा कोणता न्याय?

आपल्या समाजाला आंदोलन नवे नाही. हरित वसईसाठी आपण तुरुंगाची पर्वा न करता रस्त्यावर आलो. वाढवणच्या बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघर येथे झाली, तेव्हाही आपल्यापैकी अनेकांनी मच्छीमार बांधवांच्या बाजूने आवाज उठविला. तो योग्यच होता. परंतु दिल्लीच्या प्रकल्पाविरुद्ध दिवसा घोषणा द्याव्यात आणि रात्री दाराशी चार ब्रास चोरटी रेती उतरवून घ्यावी, याला आंदोलन म्हणत नाहीत.

यिर्मया संदेष्ट्याच्या पाचव्या अध्यायात परमेश्वर आपल्या लोकांना विचारतो की, ज्याने वाळूलाच समुद्राची कायमची सीमा करून ठेवले त्याचे भय तुम्हांला वाटत नाही काय? दगडाला नव्हे, वाळूला! सर्वांत दुबळ्या, हातातून निसटणाऱ्या वस्तूला देवाने सर्वांत बलाढ्य शक्तीची वेस केले. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक असावे. त्या टेकड्यांवर पसरणाऱ्या, जांभळ्या फुलांच्या वेलीला त्यांनी नाव दिले: मर्यादवेल. ही वेल वाळू धरून ठेवते. आपण तिला उपटून सुरू लावले. सुरू हे मूळचे परदेशी झाड. त्याची सावली गोड, पण पायाखालची वाळू गेली की ते उभ्याने कोसळते आणि त्याच्या सुयांच्या थराखाली वेल वाढत नाही.

म्हणून मी नवा अर्ज लिहिला आहे. त्याच्या पहिल्या कलमात आपण स्वतः वचन देत आहोत: या धर्मग्रामातील कोणतेही घर, आणि देऊळही, परवान्याची पावती पाहिल्याविना रेती घेणार नाही. दुसऱ्यात, उरलेल्या टेकड्या कोणी विकणार वा भाड्याने देणार नाही. तेथे कुंपण घालून मर्यादवेल आणि केवडा लावला जाईल. तिसऱ्यात, वाळूवर वाहनबंदी व जीवरक्षक यांची मागणी आहे आणि किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटा सर्वांना खुल्या ठेवण्याचा आग्रह आहे. चौथ्यात, गावागणिक तुकड्यातुकड्याने बंधारे न बांधता अर्नाळ्यापासून वसईच्या खाडीपर्यंत सबंध किनाऱ्याचा एकच आराखडा करावा, असे म्हटले आहे. दगडी भिंतीची मागणी पाचव्या कलमात आहे, आणि ती केवळ त्या दहा पावलांवरच्या घरांसाठी आहे.

जुन्या अर्जावर सह्यांसाठी रांग लागली होती. नव्या अर्जावर पहिली सही पुन्हा माझीच आहे. दुसरी त्या वृद्ध कोळीबाबांनी थरथरत्या हाताने केली. तिसरीची जागा हे लिहीपर्यंत रिकामी आहे.