बाटलीवरचे साल
मीरा रोड स्थानकाच्या आसपास ज्या दुकानांच्या पाट्यांवर ‘वाइन्स’ अशी ठळक अक्षरे झळकतात, त्यांत प्रत्यक्ष द्राक्षमद्याच्या वाट्याला बहुधा व्हिस्कीच्या आडोशाची एखादी फळीच येते. परंतु त्या फळीवरील नाशिकच्या बाटलीचे लेबल हा, ज्याला सवड आहे त्याच्या दृष्टीने, मोठा वाचनीय दस्तऐवज आहे. वैधानिक इशारा, मद्यार्काचे प्रमाण, कमाल किंमत हा सरकारी मजकूर एका नजरेत आटोपावा आणि शेनिन ब्लाँ किंवा शिराझ या द्राक्षजातीच्या नावाजवळ छापलेल्या तोडणीच्या सालाकडे वळावे, कारण खरी गोम तेथे आहे. फ्रान्समधील वेल वसंतात फुटून ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास तोडणीस येते. आमच्या नाशिकजवळच्या दिंडोरीचा बागाईतदार मात्र तिच्यावर वर्षातून दोनदा कात्री चालवितो, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व पावसाळा सरल्यावर फळछाटणी, आणि घड उतरवितो ते जानेवारी ते मार्चच्या दरम्यान. त्यामुळे २०२४ साल मिरविणाऱ्या नाशिकच्या बाटलीतील द्राक्षांची छाटणी आदल्याच वर्षी उरकलेली असते, आणि त्याच सालाच्या फ्रेंच भगिनीहून ती सुमारे सहा महिन्यांनी वडील ठरते. हे वडीलपण लाल शिराझला मानवेलही, पण हलकी पांढरी वाइन साठवून ठेवण्यात काडीचे हशील नाही. आणि ज्या दुकानात ती पंख्याखाली, उन्हाच्या तिरिपेत उभी असते, तेथे तर साल ताजे नसल्यास, दुकानदार कितीही सूट देवो, बाटली मुकाट्याने फळीवर परत ठेवावी.