श्रीलंकेत लढलेले जवान कोणाचे?

कारगिल विजय दिनावरून या पानावर जी चर्चा झाली, तीत एका पत्रलेखकाने 'श्रीलंकेतली मोहीम फसली, तिचे कसले स्मरण करायचे?' असे विचारले आहे. वाचून संताप आला. कारगिलमध्ये आपले ५२७ जवान धारातीर्थी पडले, श्रीलंकेत सुमारे १२००. दुपटीहून जास्त! तरी २६ जुलैला गावोगावी कार्यक्रम होतात आणि तीनच दिवसांनी येणारी २९ जुलै, ज्या करारानुसार ही फौज श्रीलंकेत गेली त्या १९८७च्या राजीव गांधी-जयवर्धने कराराची तारीख, कोणाच्या ध्यानातही नसते.

मोहिमेचा हेतू चुकला असेल; मी तर म्हणतो, चुकलाच. शांतिसेना म्हणून गेलेल्या फौजेला अडीच महिन्यांच्या आत एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेशी लढायला लावले, जिला आपल्याच यंत्रणांनी प्रशिक्षण दिले होते. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर उतरवलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या ३० जवानांपैकी २९ मारले गेले. याचा जाब दिल्लीला विचारायचा की त्या जवानांना? कारगिलनंतर सुब्रह्मण्यम समिती नेमली, तिचा अहवाल बाहेर आला. बाराशे जीव गेले त्या मोहिमेला अशी समिती नाही. जाफना रुग्णालयात शांतिसेनेच्या कारवाईत जे निरपराध मारले गेले, त्यांच्याबद्दलही खरे काय ते सरकारनेच सांगायला हवे. तो डाग साऱ्या शांतिसेनेला लावून मोकळे होता येणार नाही.

१९९०मध्ये ही फौज मद्रासला परतली, तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. ते त्यांचे राजकारण. पण आपण तरी काय केले? मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईत जन्मलेले, ८ महारचे अधिकारी. २५ नोव्हेंबर १९८७ला छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला ठार केले. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालेल्या या माणसाचे नाव मुंबईतल्या किती मुलांना ठाऊक आहे? कोलंबोजवळच्या स्मारकावर आपले पंतप्रधान पुष्पचक्र वाहून येतात, इथे मात्र सामसूम.

जे जिवंत परतले, ते आता साठी-सत्तरीत आहेत. व्यासपीठावर त्यांना वीर म्हणायचे आणि रुग्णालयात माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे (ईसीएचएस) कार्ड पुढे केले की 'बेड शिल्लक नाही'! आमच्या शहरातल्या एका रुग्णालयाने मला असेच सांगितले. रोख भरतो म्हटल्यावर लगेच बेड निघाला. हा प्रकार कोणीतरी थांबवायलाच हवा.

श्रीलंकेत फौज पाठवण्याचे आणि लढवण्याचे निर्णय कोणी, कशाच्या आधारावर घेतले, ते कागद सरकारने खुले करावेत. आणि पुढच्या २९ जुलैला प्रत्येक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने या जवानांच्या कुटुंबांना सन्मानाने बोलवावे.

– एक माजी सैनिक, सातारा