माळ ओसाड नसतो!

मुलांनो, 'ओसाड' या शब्दाचा वाक्यात उपयोग करा, असं सांगितलं तर काय लिहाल? आमच्या चौथीच्या चाचणीत हा प्रश्न होता. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी लिहिलं, 'आमच्या गावाबाहेर ओसाड माळ आहे.' मीही लाल पेनाने भराभर 'बरोबर'ची खूण करून मोकळी झाले. खरं तर चूक मुलांची नव्हती, माझी होती. ते मला एका रविवारी कळलं. त्या रविवारची गोष्ट आज सांगते.

आमची शाळा बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या शिवेजवळ आहे. इकडे कालव्याचं पाणी पोचतं तिथे ऊस आणि जिथे पोचत नाही तिथे माळ. पावसाळी ढग सह्याद्रीवरच बरेचसे रिकामे होतात. आमच्या वाट्याला वर्षाकाठी साधारण ५०० मिलिमीटर पाऊस येतो. तेवढ्या पावसावर माळावर गवत मात्र छान येतं.

जूनमध्ये शाळेने वृक्षारोपण ठरवलं. कडुनिंब, चिंच, करंज अशी १०० रोपं आली. जागा कोणती? अर्थातच माळ! खड्डे कुठे घ्यायचे तिथे मी स्वतः चुन्याचे ठिपके टाकून आले. पाहुण्यांना निमंत्रणंही गेली.

त्याच आठवड्यात आमच्या भागातल्या निसर्गप्रेमी गटाचे एक काका शाळेत पक्ष्यांची माहिती सांगायला आले. मी त्यांना मोठ्या उत्साहाने आमचा बेत सांगितला. वाटलं, शाबासकी मिळेल. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाई, खड्डे घेण्याआधी एकदा पहाटे मुलांना घेऊन माळावर चला. मग काय ते ठरवा."

रविवारी सकाळी सहाला आम्ही निघालो. मी, काका आणि चौदा मुलं. अर्धा तास चाललो, पण काही म्हणजे काही दिसेना. मुलं कंटाळली. "काका, इथं तर काहीच नाही!"

काका म्हणाले, "खाली बसा. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही."

बसलो. आणि गंमत बघा, आम्ही गप्प झालो तसा माळ बोलू लागला! गवतातून एक चंडोल गात गात वर चढला आणि तसाच खाली उतरला. लांबून तित्तिराची हाक आली. मग एक माळटिटवी आमच्यापुढे ओरडत धावू लागली. ती काय करतेय ते बघायला मी उठून दोन पावलं पुढे टाकली, तोच मागून आवाज आला,

"बाई, थांबा! पाय टाकू नका. तिथं अंडी हायत!"

हा आवाज वर्गात क्वचितच ऐकू येणाऱ्या मुलाचा होता. त्याच्या घरी मेंढरं आहेत. मला तर समोर फक्त खडे दिसत होते. त्याने बोट केलं, तेव्हा कुठे दिसली. मुरमाच्या रंगाची चार अंडी! घरटं नाही, काडी नाही, उघड्या जमिनीवर ठेवलेली. आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर माझा चुन्याचा ठिपका होता.

माझ्या पोटात धस्स झालं. आम्ही हळूच मागे सरलो. लांब जाऊन बसलो, तशी टिटवी परत येऊन अंड्यांवर बसली.

मग त्या मुलाने आम्हाला गवतं ओळखायला शिकवली. हा मारवेल, हा पवन्या, आणि कपड्यांना चिकटते ती कुसळी. त्या दिवशी तो गुरुजी आणि मी विद्यार्थिनी!

काकांनी विचारलं, "शाळेचं मैदान रिकामं दिसतं म्हणून त्यावर खोल्या बांधल्या तर?"

"मग खेळायचं कुठं?" मुलं ओरडली.

माळाचंही तसंच आहे. चिंकारा मोकळ्या माळावर शत्रूला लांबूनच बघतो आणि धूम ठोकतो. टिटवी, धाविक यांना अंडी घालायला उघडी जमीन लागते. थंडीत मध्य आशियातून येणारे भोवत्या नावाचे शिकारी पक्षी रात्री चक्क गवतात, जमिनीवर झोपतात. लांडगा, खोकड, ससा यांचंही घर हेच. दाट झाडी झाली की सावलीत गवत विरळ होतं आणि ही सगळी मंडळी बेघर होतात. मेंढरांचा चाराही जातो. झाड वाईट नाही, मुलांनो. जागा चुकली होती.

आता मुख्याध्यापकांना सांगायचं कसं? दहा वर्षं 'झाडे लावा' शिकवणारी मी! भीतभीतच सांगितलं. सर म्हणाले, "आणि पाहुण्यांना काय सांगू?" पण संध्याकाळी ते स्वतः माळावर येऊन लांबून टिटवी बघून गेले. कार्यक्रम झाला, पण शाळेच्या आवारात. रोपं शाळेच्या कुंपणाला, ओढ्याकाठी आणि मुलांच्या शेताच्या बांधावर लागली. गावात काहीजण मला 'झाडं नको म्हणणाऱ्या बाई' म्हणून हसले. हसू देत!

तेव्हापासून महिन्यातला एक रविवार मी गटाला देते. कामं साधी असतात. दिसलेले पक्षी मोजून वहीत तारखेसह लिहायचे, प्लास्टिक गोळा करायचं, नव्या मुलांना गप्प बसायला शिकवायचं. हे शेवटचं काम सर्वांत अवघड!

हिवाळ्यात आम्ही इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला गेलो. होडीतली एक मुलगी म्हणाली, "अजून जवळ जाऊ या ना, म्हणजे ते उडतील!" माझ्या आधी तो मेंढरंवाला मुलगाच म्हणाला, "त्यांचं जेवण चाललंय. तुला कुणी ताटावरून उठवलं तर?" होडी तिथेच थांबली.

तुम्हालाही हे बघायचंय ना? बारामती तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली ते चिंकाऱ्यांसाठी राखून ठेवलं गेलं. शिर्सुफळ आणि कडबनवाडीच्या माळांवर वन विभागाने सफारी सुरू केली आहे. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्याचा पक्षी सप्ताह. ५ तारखेला मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ तारखेला डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस. त्या दिवसांत अनेक गट सहली आणि व्याख्यानं ठेवतात.

पालकांनो, मुलांना जरूर पाठवा, जमलं तर स्वतःही जा. भडक कपडे नकोत, मोबाइलचा आवाज बंद, पाण्याची बाटली हवी. अंड्यांना हात लावायचा नाही आणि फोटोसाठी जवळ जायचं नाही.

आणि मुलांनो, या आठवड्याचा गृहपाठ. घराजवळच्या एखाद्या 'रिकाम्या' जागेत मोठ्या माणसाबरोबर पंधरा मिनिटं गप्प बसा. काय काय दिसलं, ऐकू आलं, ते वहीत लिहा.

मीही माझा गृहपाठ केला. चाचणीच्या त्या वह्या पुन्हा मागवल्या आणि माझ्याच खुणेवर काट मारली. गुण मात्र कुणाचेच कापले नाहीत बरं का!