यादीबाहेरची नावे

कनिष्ठ हॉकी संघाची यादी जाहीर झाली, की बारामतीत आमच्या चहाच्या टेबलावर जणू निवड समितीच बसते. इंदापूरचे स्नेही पहिला प्रश्न हमखास विचारतात, "आपल्या भागातलं कोण आहे?"

२०२३ च्या महिला कनिष्ठ आशिया चषकाच्या वेळी उत्तर तयार होते. नीरेपलीकडच्या फलटण तालुक्यातली वैष्णवी फाळके आणि सातारा जिल्ह्याचीच ऋतुजा पिसाळ. जपानमधील अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून भारतीय मुलींनी हा चषक प्रथमच जिंकला. त्याच वर्षी चिलीतील विश्वचषकात ऋतुजा उपकर्णधार होती. आम्ही पेढे वाटले.

वाद मात्र थांबत नाहीत, थांबूही नयेत. ही स्पर्धा २१ वर्षांखालील मुलींची. आज वगळलेली मुलगी पुढच्या यादीपर्यंत वयातून बाद झालेली असू शकते. म्हणून प्रत्येक नावाची चर्चा व्हावी. पण यादी हा शेवटचा कागद असतो. त्याआधी घराघरांत एक निवड होऊन गेलेली असते, तिच्यावर कुणी वाद घालत नाही.

गेल्या वर्षी माझ्या नातीने हॉकीची स्टिक मागितली. मी म्हणालो, "आधी दहावी होऊ दे." त्या निवड समितीत मी एकटाच होतो, आणि मी तिचे नाव वगळले होते. परवा स्टिक आणून दिली. ती काही बोलली नाही, थेट मैदानावर गेली.