डावीकडचं वळण



या वेळी खरं तर परसातल्या अळूवर आणि ते हरणांपासून कसं वाचवावं यावर लिहायचं ठरवलं होतं. तसं कबूलही केलं होतं संपादकांना. पण गेला अंक पोस्टाने घरोघरी पोचला आणि आठवड्याभरात एका वाचक-भगिनीचा फोन आला. त्यांच्या यजमानांच्या दुकानात चार महिन्यांपूर्वी एक जण पिस्तूल घेऊन शिरला होता. गल्ल्यातले पैसे घेऊन गेला, अंगाला हात लावला नाही. सगळे म्हणाले, सुटलात, देवाची कृपा. पण तेव्हापासून हे गृहस्थ रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दिवाणखान्यात दाराकडे तोंड करून बसतात. बाई शहाण्या आहेत, त्यांनी डॉक्टर गाठले, उपचार सुरू केले. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. म्हणाल्या, "ताई, आठवड्यातून एकदा तासभर ते तिथे बोलून येतात. पण मधले सहा दिवस असतात ना! त्या सहा दिवसांत घरात आम्ही करायचं तरी काय?"

मी काही मानसोपचारतज्ज्ञ नाही. सगळी नोकरी हिशेबाच्या वह्या तपासण्यात गेली. पण ते सहा दिवस मला चांगले ठाऊक आहेत. त्यामुळे आज अळू राहू दे.

२०१९ च्या जानेवारीतला शेवटचा शनिवार. मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम आटोपून मी आणि माझी मैत्रीण घरी निघालो होतो. गाडी मी चालवत होते. तिळगुळाचा उरलेला डबा मागच्या सीटवर. रूट २७ वर डावीकडे वळायचं होतं. दिवा पिवळा झाला, समोरची गाडी थांबेल असं मला वाटलं. ती थांबली नाही. आदळली ती मैत्रिणीच्या बाजूला. माझी एक बरगडी चिरकली आणि बाकी खरचटलं. तिचं खुब्याचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली. डबा फुटून तिळाचे लाडू गाडीभर झाले होते, आणि सगळं शांत झाल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं ते दोनच गोष्टींचं: वळण्याच्या दिव्याची टिकटिक अजून चालू होती, आणि भाजलेल्या तिळाचा, वेलदोड्याचा वास.

महिनाभरात बरगडी भरून आली. मी मात्र भरून आले नाही. टिकटिक ऐकली की हातपाय गार पडायचे. शेजारणीने तिळाची चटणी आणून दिली, तर मी बाथरूममध्ये जाऊन दार लावून बसले. आणि गाडी? गाडी मी चालवत होते, पण डावीकडे वळत नव्हते. तीन वेळा उजवीकडे वळलं की डावीकडे जाता येतं, हा भूमितीचा सिद्धांत मी साठी ओलांडल्यावर शिकले. आपल्या न्यू जर्सीत जगहँडल आहेत, डावीकडे जायला आधी उजवीकडे निघायचं; इतकी वर्षं ज्यांना नावं ठेवली, ते मला देवासारखे वाटू लागले. आमचे हे थट्टेने म्हणायचे, "आता दुधाला व्हाया पेन्सिल्व्हेनिया जाणार का?" मीही हसायचे. हसण्यात कुणाला काही कळत नाही.

सर्वांत वाईट म्हणजे मैत्रिणीला मी दोनदाच भेटायला गेले. दोन्ही वेळा माणसं होती, त्यामुळे सूप ठेवून निघता आलं. नंतर फोनही कमी केले. तिच्या वॉकरचा फरशीवरचा आवाज फोनमधून ऐकू यायचा. २०२० साली कोविड आला आणि सगळं जग घरात बसलं, तेव्हा खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. न जाण्याला सरकारी सबब मिळाली होती.

या दुखण्याला अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या अधिकृत यादीत नाव दिलं, ते व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या हालांनंतर. पी. टी. एस. डी. हे नाव आता पोरांनाही माहीत असतं. धक्क्यानंतरचे पहिले काही आठवडे दचकणं, झोप उडणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. महिना उलटला तरी ओसरत नसेल, रोजच्या जगण्यात आडवं येत असेल, तर मदत घ्यायची. मी ती सात महिन्यांनी घेतली, तीही सुनेने गाडीत घालून नेलं म्हणून. (तिने गाडी सरळ डावीकडे वळवली. मी डोळे मिटून बसले होते.)

समुपदेशक बाई अमेरिकन, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "भीती वाटते तेव्हा ती शरीरात कुठे वाटते?" इंग्रजीत मला उत्तर सुचेना, आणि मराठीत एकदम दहा सुचली. पोटात गोळा येतो. काळजात धस्स होतं. छातीत धडधडतं. घशाला कोरड पडते. पायांतलं बळ जातं. मी एकेकाचा अर्थ सांगत गेले आणि त्या लिहून घेत राहिल्या. आपल्या भाषेला हे आधीपासून ठाऊक होतं म्हणायचं! मनाला कितीही सांगा की ती गाडी आता येणार नाही. पोटातल्या गोळ्याला ते कुणी सांगायचं? धक्क्याच्या आठवणीवर तारीख घातलेली नसते, असं मला समजावण्यात आलं. वास आला, आवाज आला की शरीर समजतं, हे आत्ताच घडतंय. म्हणून शरीराला रोज थोडं थोडं दाखवावं लागतं की आज अमुक वार आहे, आपण स्वयंपाकघरात आहोत, आणि दार लावलेलं आहे.

तर त्या सहा दिवसांतलं माझं काम हे होतं. डोळ्यांना दिसणाऱ्या पाच गोष्टी मोठ्याने म्हणायच्या, मग हाताला लागणाऱ्या चार, कानाला ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन, चवीची एक. प्रथम मला हा पोरखेळ वाटला. पण "कुकर, चहाचं गाळणं, तुळशीची कुंडी, नातवाचा मोजा, विजेचं बिल" असं मराठीत म्हणू लागले आणि बिलावर येईपर्यंत छातीतली धडधड निम्मी व्हायची. दुसरं, श्वास सोडताना लांबवायचा. श्वास बाहेर जाताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, हे वेगस नावाच्या मज्जातंतूचं काम. मोजून श्वास सोडणं मला काही जमेना, मोजण्याचंच दडपण येई. गुणगुणणं मात्र जमलं. गुणगुणताना श्वास आपसूक लांबतो. भ्रामरी म्हणा, नाही तर भांडी घासताना जुनं नाट्यपद म्हणा. आमचे हे म्हणायचे, सूर गेला तरी चालेल पण ठोके सांभाळ.

आणि कणीक. फूड प्रोसेसर मी कपाटात ठेवून दिला. ज्या दिवशी टिकटिक डोक्यातून जात नसे त्या दिवशी दोघांपुरती नव्हे, दहा जणांची कणीक मळायची. हात गुंतले की तोंडही मोकळं होतं, हे माझ्या आजीला कुणी शिकवलं नव्हतं. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. त्यांत माहेरच्या मायेइतकीच सासुरवासाची, मारहाणीची, मेलेल्या लेकरांची दुःखं आहेत. जात्याने त्या बायकांचं दुःख संपलं असं मी म्हणणार नाही, उगाच जुनं ते सोनं करण्यात अर्थ नाही. पण समोर दुसरी बाई बसलेली, खुंट्याला दोघींचे हात, आणि एकमेकींच्या डोळ्यांत बघावं न लागता बोलता येतंय, ही सोय आपल्या सोफासेटवर नाही.

सोफासेटवरून आठवलं. भेटायला येणाऱ्यांनी कृपा करून "सगळं पहिल्यापासून सांग बघू" असं म्हणू नये. ताज्या धक्क्यातल्या माणसाकडून एकाच बैठकीत सगळं वदवून घेतल्याने पुढचं दुखणं टळत नाही, असं आता तज्ज्ञही सांगतात. "झालं गेलं विसरून जा" हेही नको. त्यापेक्षा शेजारी चाला. माझी एक भाची थंडीभर दर मंगळवारी मला मॉलमध्ये फिरायला नेई. तिने एकदाही अपघाताचं नाव काढलं नाही. चपलांच्या किमतींवर बोलायचो. तिसऱ्या महिन्यात मीच बोलले.

एक इशारा द्यायला हवा. ध्यान सगळ्यांना सगळ्या वेळी मानवतं असं नाही. मला दोघा-तिघांनी विपश्यनेला जा म्हणून आग्रह केला. समुपदेशक बाई म्हणाल्या, सध्या नको. डोळे मिटून गप्प बसलं की माझ्या डोळ्यांपुढे ती गाडीच यायची. म्हणून मी डोळे उघडे ठेवून बसायला शिकले, खिडकीतून पक्ष्यांचं खाणं दिसेल अशी.

भीतीपेक्षाही मला दुसऱ्या गोष्टीने जास्त घाबरवलं होतं. मला काही वाटेनासंच झालं होतं. त्या वसंतात नातवाचा पहिला वाढदिवस झाला, मी हसत होते, फोटोत छान आले आहे, आणि आत काही नव्हतं. याच महिन्यात हापूसची पेटी आणली. २००७ पासून आपला आंबा इकडे येतो, भाव तोच तो, तोळ्याने विकल्यासारखा. डझनातले तीन सडके निघाले. मला असा राग आला म्हणून सांगू! ओट्यावर हात आपटला, दुकानदाराला (तो समोर नसताना) बोल बोल बोलले आणि मग त्या तीन आंब्यांसाठी ढसाढसा रडले. पुढे हे सांगितलं तेव्हा समुपदेशक बाईंना हसू आवरेना. म्हणाल्या, दार उघडलं होतं, फक्त तुमच्या लक्षात आलं नाही. तेव्हा फोन करणाऱ्या भगिनींनो, तुमचे यजमान एखाद्या दिवशी आमटीत मीठ कमी म्हणून चिडले, तर वाईट वाटून घेण्यापूर्वी हा आंबा आठवा.

डावीकडचं वळण मात्र आंब्याने सुटलं नाही. त्याला शिडी लागली. टाळण्याने भीती पोसली जाते, म्हणून ठरवून, पायरी-पायरीने तिच्याजवळ जायचं. ही पद्धत फिलाडेल्फियाच्या एडना फोआ यांच्या कामातून आली आहे. ती जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावी. पहिली पायरी, उभ्या गाडीत बसून नुसती टिकटिक ऐकायची, भीती उतरेपर्यंत. दुसरी, रविवारी सकाळी शाळेच्या रिकाम्या आवारात डावीकडे वळायचं. मग गल्लीत. मग हिरव्या बाणाच्या दिव्यावर. हे शेजारी बसायचे आणि शिकवल्याप्रमाणे काही बोलायचे नाहीत. त्यांना हे वळणापेक्षा अवघड गेलं असावं. रूट २७ च्या त्या चौकापर्यंत पोचायला मला, मध्ये कोविड धरून, दोन वर्षं लागली.

मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात सावरण्याचे तीन टप्पे सांगितले आहेत: आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, आणि मग पुन्हा माणसांत येणं. माझं पहिलं दोन्ही झालं होतं. तिसऱ्याचा पत्ता मला पाठ होता, माझ्या घरापासून अवघ्या दहा मिनिटांवर.

२०२१ च्या जूनमध्ये लस घेऊन झाल्यावर मी गेले. एकटी, गाडी चालवत. रस्त्यात दोन डावी वळणं आहेत. मैत्रिणीने दार उघडलं, हातात आता वॉकर नव्हता, काठी होती. मी म्हटलं, "मी थांबायला हवं होतं गं." ती म्हणाली, "सिग्नलला की माझ्याकडे?" मला उत्तर देता आलं नाही. ती रागावली होती, अपघातावरून नव्हे. अडीच वर्षांत मी तिला एकटं पाडलं, म्हणाली, आणि ते खरं होतं. त्या दिवशी चहा झाला नाही. पुढच्या आठवड्यात झाला.

पुढच्या जानेवारीत तिचा फोन आला, "तीळ आणलेत, येतेस का?" मी तीन वर्षांत घरात तीळ आणले नव्हते. गेले. ती स्टुलावर बसून गूळ चिरत होती, मी कढईपाशी. तीळ तडतडायला लागले, वास आला, पोटात गोळा आला. मी म्हणायला लागले, कढई, उलथनं, तिची काठी, खिडकी... ती गंभीरपणे म्हणाली, "आणि मी? मी दिसत नाही वाटतं?" हसता हसता तीळ करपले. धुराचा गजर केकाटायला लागला. दोघी ताडकन दचकलो, तिने माझं मनगट धरलं, मी तिचं. मग ती काठीने गजराचं बटण दाबायला उठली आणि मी खिडकी उघडली.

दुसऱ्या वाटीचे तीळ नीट भाजले गेले. लाडू थोडे कडक झाले होते, पण मंडळाच्या कार्यक्रमात संपले.

फोन करणाऱ्या भगिनींसाठी एवढंच: एखादी रात्र फार जड गेली आणि जिवाचं बरंवाईट करावंसं कुणी बोलून दाखवलं, तर ९८८ हा नंबर जुलै २०२२ पासून अमेरिकेत कुठूनही, केव्हाही लागतो. एरवी माझा नंबर तुमच्याकडे आहेच. यजमानांना कणीक मळायला येते का, विचारून ठेवा.

अळूचं पुढच्या अंकात.