मोबाईलवर आलंय म्हणं!

आमच्या निलंग्यात बातमी खरी की खोटी हे ठरवायची एक जुनी रीत होती. सांगणारी कोण, ते बघायचं. शाळेतल्या बाईंनी सांगितलं तर खरं, बसस्टँडवर ऐकलं तर अर्धं खरं, आणि लग्नाच्या पंगतीत ऐकलं तर जेवण होईपर्यंत खरं! आता ती रीत गेली. आता कुणी सांगितलं असं विचारलं की एकच उत्तर येतं, "मोबाईलवर आलंय म्हणं." जणू मोबाईल हीच एक शहाणी बाई आहे.

मैत्रिणींनो, दुपारची कामं उरकल्यावर हातात मोबाईल घेऊन बसणं हा आता आपला सगळ्यांचाच विरंगुळा झाला आहे. त्यात वाईट काही नाही. विज्ञानातलं नवल, कॉलेजातल्या पोरींच्या गमती, सिनेमाची बातमी असं सगळं एका काचेवर येतं. अडचण एवढीच की सगळं एकाच मापाचं दिसतं. शास्त्रज्ञाचं म्हणणं आणि रिकामटेकड्याची थाप, दोन्हींचं अक्षर सारखंच. म्हणून मी वाणसामानाच्या वहीची मागची पानं यासाठी ठेवली आहेत. मनात भरलेलं काही आलं की टिपून ठेवते आणि सवडीनं त्याचा माग काढते. त्या पानांवरचं थोडं आज सांगते.

सगळ्यात जास्त पानं भरली आहेत ती भूकंपानं. साहजिकच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली, ती आपल्याकडच्या चाळिशीपुढच्या बाईला विसरता येत नाही. गणपती बोळवून दमलेली गावं झोपेत होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, त्याखाली जवळजवळ दहा हजार माणसं गेली. तेव्हापासून आपल्या भागात रात्री भांडं जरी पडलं तरी बाया आधी पोरं उचलतात.

त्यात सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून गूढ आवाज यायला लागले. किल्लारीपासून हे गाव अठ्ठावीस किलोमीटरवर. फेब्रुवारी २०२३ मध्ये निटूर-डांगेवाडीकडे तसाच आवाज, मग काही दिवसांनी थेट लातूर शहरात विवेकानंद चौकाच्या परिसरात. भूकंपाची नोंद यंत्रावर नाही, असं प्रशासनानं सांगितलं. पण कानानं ऐकलेलं खोटं कसं म्हणायचं? आणि नेमक्या अशा वेळी मोबाईलवर निरोप सुटतात. आज रात्री अमुक वाजता मोठा धक्का येणार, नासानं सांगितलंय, घरात झोपू नका. मग शेजारीण दारात येऊन म्हणते, "आवं वहिनी, मोबाईलवर आलंय म्हणं, अंथरूण बाहेरच टाका." म्हातारी माणसं, तान्ही लेकरं, सगळी अंगणात. वर थंडी, खाली विंचूकाट्याचं भय.

आता यातलं खरं काय? आपल्या पायाखाली काळा कातळ आहे, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात भेगा आहेत. फार खोल नसलेला, अगदी बारीक धक्का बसला तर त्याची कंपनं जमिनीतून वर येऊन हवेत शिरतात आणि आपल्याला तोफेसारखा आवाज ऐकू येतो. धक्का इतका किरकोळ असू शकतो की लांबच्या यंत्राला तो कळतही नाही. म्हणजे हासोरीच्या बाया खोटं बोलत नव्हत्या आणि यंत्रही खोटं बोलत नव्हतं. खोटं होतं ते फक्त "अमुक वाजता" हे. भूकंपाची तारीख आणि वेळ आधी सांगणं आजवर जगातल्या एकाही शास्त्रज्ञाला जमलेलं नाही. नासाला नाही, जपानलाही नाही. ज्या निरोपात घड्याळातली वेळ दिलेली आहे तो खोटा, ही खूण डोळे झाकून लक्षात ठेवा.

आकड्यांचंही तसंच. २१ मार्च २०२४ च्या सकाळी आणि परत १० जुलैला हिंगोलीकडे ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. लगेच किल्लारीचे जुने फोटो फिरायला लागले. किल्लारीचा धक्का ६.२ चा होता. साडेचार आणि सहा यांत दीडचाच फरक वाटतो, पण हे माप बाजारातल्या तराजूसारखं नाही. एक आकडा वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. त्या हिशोबानं किल्लारीची ऊर्जा हिंगोलीच्या धक्क्याच्या साडेतीनशे पटीच्या आसपास जाते. हे एवढं एक वाक्य त्या सकाळी फोटोंच्या जागी फिरलं असतं तर किती चुली वेळेवर पेटल्या असत्या! राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचं 'भूकंप' नावाचं अॅप आहे, देशात कुठं धक्का नोंदला गेला ते त्यावर बघता येतं. घरातल्या कॉलेजच्या पोराला सांगा, पाच मिनिटांत टाकून देईल.

त्याच हिंगोलीचं दुसरं नवल मात्र कुणी पुढं पाठवत नाही. औंढा नागनाथाच्या दर्शनाला आपण जातो ना, त्याच तालुक्यात जगातली एक मोठी वेधशाळा उभी राहते आहे. नाव लायगो-इंडिया. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथं दुर्बीण नाही. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या काटकोनात टाकायच्या आणि त्यांतून लेसरचा किरण पाठवायचा. आकाशात कुठं दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशालाच तरंग येतो, तळ्यात खडा टाकल्यासारखा. तो आपल्यापर्यंत पोचला की त्या नळ्यांची लांबी अणूच्या गाभ्यातल्या एका कणाच्या हजाराव्या भागाइतकी कमीजास्त होते, ती मोजायची. असा तरंग पहिल्यांदा १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांना सापडला. ती टक्कर झाली होती सव्वाशे-दीडशे कोटी वर्षांपूर्वी! आता इतकं बारीक मोजायचं तर शेजारून ट्रक गेलेलाही चालत नाही. म्हणून रोजची धुसफूस कमी असलेली शांत जागा देशभर शोधली, आणि ती मिळाली आपल्या मराठवाड्यात. मागास मागास म्हणून ज्याला हिणवतात, तिथं. वेधशाळा पुरी व्हायला अजून काही वर्षं लागतील. आज आठवी-नववीत असलेल्या पोरी तोवर नोकरीच्या वयाच्या होतील, एवढं ध्यानात असू द्या.

पोरींवरून कॉलेज आलंच. निलंग्याची हुशार पोर दहावी झाली की लातूरला, हे ठरलेलं. क्लास, खोली, मेसचा डबा, आणि घरी आईच्या गळ्यातलं एखादं डोरलं कमी. या पैशावर डोळा ठेवणारे मोबाईलमध्येच बसलेत. 'नीट'चा पेपर आधी मिळेल, इतके पैसे पाठवा. २०२४ च्या परीक्षेत देशभर काय गोंधळ झाला ते आपण पाहिलं. लातूरच्या दोन शिक्षकांवरही गुन्हा दाखल झाला, तपास सीबीआयकडे गेला. २३ जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टानं फेरपरीक्षा नाकारली. काही ठिकाणी पेपर फुटला हे खरं, पण त्याच गर्दीत निव्वळ फसवणूकही होती. तिची युक्ती सांगते. टेलिग्रामवर आदल्या दिवशी काहीतरी टाकून ठेवायचं आणि परीक्षा झाल्यावर त्याच जागी खरा पेपर चिकटवायचा. तारीख जुनीच दिसते. बघणाऱ्याला वाटतं, बाई गं, यांच्याकडे तर आदल्या दिवशीच होता! मग पुढच्या वर्षी पैसे घेऊन हजर. पोरगी वर्षभर अभ्यास करते आणि आई-बाप मात्र घाबरून कर्ज काढतात.

याच्या उलट जो निरोप सोळा आणे खरा होता, त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं आदेश काढला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी ते निम्मं होतं. खासगी कॉलेजातही, फक्त प्रवेश सरकारी फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. आपल्याकडे फार्मसीचं कॉलेज गावातच आहे, म्हणजे हे लांबचं नाही. पण "असं कुठं फुकट असतंय का," म्हणून बायांनी तो निरोप तिथंच सोडला. मला यातलं कारण असं दिसतं की भीतीचा निरोप आपल्याकडून काहीच मागत नाही, नुसता पुढं ढकलायचा. कामाचा निरोप मात्र उत्पन्नाचा दाखला मागतो, जातीचा दाखला मागतो, तहसीलच्या रांगेत उभं करतो. वसतिगृहाचं आणि जेवणाचं ओझं या माफीनं जात नाही, हेही खरं. तरी फी गेली म्हणजे अर्धं डोरलं वाचलं की.

करमणुकीचं थोडक्यात. मे २०२४ मध्ये कान्सच्या महोत्सवात 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट' या सिनेमाला ग्रांप्री हा दुसऱ्या क्रमांकाचा मान मिळाला. त्यातल्या आपल्या छाया कदम तिथं आईची साडी नेसून, आईचीच नथ घालून गेल्या. आईला विमानात बसवायचं राहून गेलं, तर तिची साडी तरी नेली, असं त्यांनी लिहिलं होतं. हे वाचून माझ्या ओळखीतल्या तिघींनी पेटीतलं जुनं लुगडं उन्हात घातलं.

आणि एक आपल्या गावचंच. "निलंग्याचे शिवाजी महाराज अंतराळातून दिसतात" हा निरोप अजूनही फिरतो. २०१९ च्या शिवजयंतीला मंगेश निपाणीकरांनी कित्येक एकरांत गवत उगवून महाराजांचं चित्र साकारलं, ते खरंच. उपग्रहाच्या फोटोत ते दिसलं, तेही खरं. नुसत्या डोळ्यांनी अंतराळातून दिसतं, हे मात्र आपल्या कौतुकानं वाढवलेलं. जपानमध्ये इनाकादाते नावाचं लहानसं गाव आहे. तिथं वेगवेगळ्या रंगांच्या भाताची रोपं लावून दर वर्षी शेतात चित्र काढतात. सुरुवात १९९३ ची, म्हणजे आपल्या किल्लारीच्या साली. लावणीला गावकऱ्यांबरोबर पाहुणेही चिखलात उतरतात. बघायला येणाऱ्यांची गर्दी इतकी वाढली की २०१३ मध्ये त्यांच्यासाठी रेल्वेचं वेगळं स्टेशन सुरू झालं. आपल्या निलंग्याला तर अजून रेल्वेच यायचीय.