पैनगंगेच्या फुगवट्यासाठी

मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव),
महाराष्ट्र राज्य, नागपूर यांस,



मी कनेरगाव नाक्याची एक शिक्षिका. हिंगोलीहून वाशीमकडे निघालं की पैनगंगेचा पूल लागायच्या आधी आमचं गाव येतं. नदीच्या या अंगाला मराठवाडा, त्या अंगाला विदर्भ. निजामाच्या काळात इथं राज्य बदलायचं, आता जिल्हा बदलतो. पाणी मात्र तेच. आमच्या पुलाखालून गेलेली पैनगंगा पुढं ईसापूरच्या धरणात साठते, आणि त्या जलाशयाला तुमच्याच खात्याच्या नकाशावर अभयारण्य म्हटलं आहे. त्याविषयीच लिहायचं आहे, पण सुरुवात निफाडपासून करते.

माझी थोरली बहीण निफाड तालुक्यात दिली आहे. मागच्या जानेवारीत तिच्याकडं गेले, तेव्हा दाजींच्या बागेत घडांना कागद लावायचं काम चाललं होतं. थंडीत मणी गुलाबी पडू नयेत म्हणून एकेका घडाला वर्तमानपत्राची टोपी. दाजींना मान वर करायला वेळ नव्हता. म्हणून ताईच मला पहाटे नांदूरमधमेश्वरच्या जलाशयावर पक्षी पाहायला घेऊन गेली. आम्ही चापडगावच्या बाजूला पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं आणि दिसायच्या आधी आवाज ऐकू येत होता. धुकं विरळ झालं तसे तलवार बदक, थापट्या, चक्रवाक एकेक करून दिसायला लागले. वारकरी पक्ष्यांचा तर काळा थवाच. पाणकोंबड्यांचा जांभळा रंग मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मनोऱ्यापाशी गावातलाच एक पोरगा तिपाईवर मोठी दुर्बीण लावून उभा होता. रांगेत आमच्या पुढं मुंबईचं एक कुटुंब होतं. रात्री एका वायनरीत मुक्काम करून आलेलं. त्यांच्या मागं जवळच्याच गावातली नऊवारीतली एक आजी, नातवाला घेऊन. पोरानं दोघांनाही सारखाच वेळ दिला, पक्ष्याचं नाव सारख्याच आवाजात सांगितलं. आजीनं डोळा लावला, बराच वेळ काढलाच नाही, आणि मग म्हणाली, "चमच्यावानी चोच हाय की रं त्याची!" मागं कुणी घाई केली नाही.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते त्या पोराचं एक वाक्य. मी विचारलं, एवढे पक्षी इथंच का? तो म्हणाला, "मॅडम, गाळ आहे म्हणून पक्षी आहेत." तिथं गोदावरी आणि कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला गेला. बांधला तो शेतीच्या पाण्यासाठी. शंभराहून जास्त वर्षं नदी गाळ आणत राहिली, पाणी उथळ झालं, बेटं वर आली, लव्हाळी माजली. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात ती तूट होती. बदकाच्या हिशेबात ते ताट होतं, कारण ही बदकं शेपटी वर करून, डोकं बुडवून, गुडघाभर पाण्यातलंच खातात. खोल धरणाचा त्यांना उपयोग नाही. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून ते जाहीर झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरात आमच्या शेजारचं लोणार दुसरं ठरलं. पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेलं भरतपूरचं तळंसुद्धा माणसानंच घडवलेलं आहे. म्हणजे माणसाचा हात लागलेलं पाणी कमअस्सल, असं काही नाही.

आता ईसापूर. धरणाच्या भिंतीपाशी पाणी खोल आहे, तिथं बोटीला शोभा. पण फुगवट्याच्या, म्हणजे धरणामागं साठलेल्या पाण्याच्या, शेवटाला, आमच्या बाजूला, पाणी पसरट आणि उथळ होत जातं. दिवाळीनंतर ते हळूहळू मागं सरतं आणि मागं राहतो ओला गाळ. त्या गाळावर लोक पेरतात. गाळपेर आमच्याकडं नवी नाही. धरणात जमीन गेलेल्या घरांना तो मोठा आधार असतो. सरत्या पाण्याच्या कडेनं एकीकडून शेतकरी चालतो, दुसरीकडून शेकाट्या आणि करकोचे. दोघांनाही तीच ओली पट्टी हवी. अभयारण्य म्हटलं की आमच्या माणसांच्या मनात पहिली भीती येते ती हीच, की आता आपल्याला हाकलणार. ती भीती घालवल्याशिवाय तिथं एकही मनोरा उभा करू नका, ही माझी पहिली विनंती. भोई समाजाच्या मासेमारीचंही तसंच. नायलॉनच्या बारीक जाळ्यात पक्षी अडकतात हे खरं. पण ते भोयांशी बसून बोलण्याचं काम आहे. नोटीस चिकटवून ते होणार नाही.

दुसरी विनंती अशी, की लोकांना येऊ द्या, पण ठरवलेल्या जागीच. जलाशय मोठा आहे. काठावरच्या दोन-तीन जागा पाहणाऱ्यांना द्या, उरलेला काठ पक्ष्यांना. त्या जागी लपण असावं, आणि त्याच्या खिडकीची एक ओळ लहान मुलांच्या उंचीची असावी. दुर्बीण हाताळायला गावातलीच मुलं-मुली तयार करावीत. बुडीत क्षेत्रातल्या घरांतली असली तर फार चांगलं. आणि मुलींसाठी स्वच्छतागृह हवं, पाणी असलेलं आणि आतून कडी लागणारं. मागं एका तलावावर मी सातवीच्या मुली नेल्या होत्या. त्या तलावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे पत्र तक्रारीचं नाही. तिथं सोय नव्हती. मुलींनी सकाळपासून पाणी प्यायचं टाळलं आणि दुपारी दोघींना उन्हाची चक्कर आली. त्यांनी पक्षी किती पाहिले, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

तिसरं मोटारबोटींचं. गंगापूर धरणावर बोटी चालतात, तिथं पाणी खोल आहे आणि काठच्या द्राक्षबागा पाहायला आलेल्या माणसाला पाण्यावर फिरावंसं वाटणारच. पण तेच चित्र उचलून पक्षी उतरतात त्या उथळ फुगवट्यावर आणू नका. मध्य आशियातून हिमालय ओलांडून आलेला पट्टकदंब इथं खायला आणि विसावायला उतरतो. बोटीच्या आवाजानं दिवसातून दहादा उडावं लागलं तर त्यानं कमावलेली चरबी इथंच खर्च होते आणि परतीचा प्रवास अंगावर येतो. नोव्हेंबर ते मार्च फुगवट्यावर इंजिन नको.

निफाडमध्ये सगळं चांगलं आहे असं मी म्हणत नाही. नाशिक शहराचं सांडपाणी गोदावरीतून खाली येतं आणि जलपर्णी बघता बघता पाणी झाकून टाकते. ताई सांगते, काही वेळा पाणी आहे की हिरवं शेत, हेच कळत नाही. रामसरच्या नोंदीतही या जलपर्णीचा धोका नमूद आहे. वाइन चाखायला येणाऱ्या पाहुण्याचा मला राग नाही. त्याच्या पैशावर त्या पोराची दुर्बीण उभी आहे. पण तळं त्या पाहुण्याच्या सुट्टीच्या मानानं सजवलं गेलं, तर नऊवारीतली आजी रांगेतून बाहेर पडेल. हे तुमच्या खात्यालाच थांबवता येईल, वायनरीवाल्यांना नाही.

आमच्याकडं द्राक्षं नाहीत, हळद आहे. वसमतचं नाव हळदीसाठी सगळ्यांना माहीत आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद काढून शिजवतात, तेव्हा गावोगावी वाफेला तो कडवट-गोड वास असतो, आणि जलाशयावर पक्षी असतात. नाशिकचा पाहुणा सकाळी पक्षी आणि दुपारी बाग पाहतो. आमच्या पाहुण्याला सकाळी फुगवटा आणि दुपारी हळदीचा कुकर दाखवता येईल, जेवायला भाकरी आणि ठेचा देता येईल. त्यासाठी रिसॉर्ट लागत नाही.

एक अडचण तुम्ही सांगाल हे मला ठाऊक आहे: जलाशय एका जिल्ह्यात नाही, यवतमाळ, हिंगोली, वाशीम अशी विभागणी आहे, विभागही दोन. युरोपात नॉयझीडल नावाचं एक तळं आहे. उथळ, लव्हाळ्यांनी वेढलेलं, आसपास द्राक्षमळे. ते ऑस्ट्रिया आणि हंगेरी या दोन देशांत वाटलेलं आहे. दोन्ही देशांची राष्ट्रीय उद्यानं तिथं एकमेकांना लागून आहेत, आणि २००१ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत दोघांचं मिळून एकच नाव लागलं. आमच्या मधे तर नुसती पैनगंगा आहे, आणि तिच्यावर पूल आहे. तिन्ही जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांना एकदा फुगवट्याच्या काठावर एकत्र बोलवा. बैठकीला गाळपेरवाले आणि भोईही असू द्या.

२ फेब्रुवारी हा पाणथळ जागांचा दिवस. येत्या २ फेब्रुवारीला आमच्या शाळेच्या सातवीच्या मुली घेऊन मी ईसापूरच्या काठावर जाणार आहे. पक्ष्यांची मराठी नावं पाठ करणं चालू आहे. शेकाट्या आणि शराटी यांत अजून गोंधळ होतो. तुमच्या खात्यातल्या कुणाला त्या सकाळी यायला जमलं तर दुर्बीण सोबत आणायला सांगा. आमच्याकडं एकच आहे, आणि मुली एकोणचाळीस.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका
कनेरगाव नाका, जि. हिंगोली